साडूचं चाकांवरचं घर

मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली कपाट नव्हतं, पडदा होता. अकरा वर्षं होता. पहिला निळ्या फुलांचा, तो विरल्यावर पिवळ्या फुलांचा, आणि तिसऱ्या खेपेला मिस्त्रीणबाईंनी आशा सोडून बिनफुलांचाच आणला. कपाटाचं लाकूड कधीचं घरात येऊन माळ्यावर पडलं होतं. "मुरतंय," असं मिस्त्री विचारणाऱ्याला सांगत. चाळीस वर्षं त्यांनी शहरभर लोकांची कपाटं, दारं, पलंग केले. त्यांनी बसवलेलं दार मिटताना आवाज करत नसे, नुसता सुस्कारा टाकत असे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी काम थांबवलं, हत्यारांना तेल लावून पेटी बंद केली, आणि आता घरचं कपाट होणार म्हणून मिस्त्रीणबाईंनी ओट्याखालची भांडी हॉलमध्ये आणून मांडली. सहा महिन्यांनी त्यांनी ती मुकाट्यानं परत आत नेली. फक्त भांडी जरा जास्त वाजली.

मिस्त्रीणबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे मिस्त्रींचा साडू, पस्तीस वर्षं विमा कचेरीत होता. तोंडावर मिस्त्री त्याला 'तुम्ही' म्हणत, मनात 'तो'. या माणसानं जन्मात पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, बागेत हसण्याचा वर्ग लावतात. यानं सुतारकाम सुरू केलं. तेही मोबाइलवर बघून. आधी एक स्टूल केलं, ते तीन पायांवर उभं राहिलं; चार पायांचं होतं. मिस्त्री तेव्हा मनापासून हसले होते, आणि आता त्यांना त्या हसण्याचा पश्चात्ताप होत होता, कारण त्यानंतर दोन वर्षांत त्यानं घर बांधलं. अख्खं घर. चाकांवरचं, मालगाडीच्या डब्याच्या निम्म्या लांबीचं. तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर जागा घेऊन ते उभं केलं, आणि आता लोक एकेका रात्रीसाठी ते भाड्यानं घेत, फोटो काढत, आणि जाताना वहीत स्तुती लिहून जात.

"एक रात्र तुम्ही दोघं येऊन राहाच," असं साडूनं पाच वेळा सांगितलं. मिस्त्रींनी पहिल्यांदा गुडघे पुढे केले, दुसऱ्यांदा थंडी, तिसऱ्यांदा नळवाला यायचा होता. चौथ्यांदा परत नळवालाच यायचा होता तेव्हा मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "आपल्या नळाला झालंय तरी काय?" पाचव्या वेळी दोघं निघाले.

"मी काय म्हणते," मिस्त्रीणबाई गाडीत म्हणाल्या.

मिस्त्रींनी उगाचच गिअर बदलला. या तीन शब्दांमागून आजवर कधी साधं वाक्य आलं नव्हतं. "बोल."

"भाऊजींना सांगते मी आपलं कपाट करायला."

"कुठलं कपाट?"

"जे नाहीये ते. ओट्याखालचं."

गाडी जराशी रस्त्याच्या कडेला गेली आणि परत आली.

"त्या विमेवाल्याला?" मिस्त्री म्हणाले. "माझ्या घरात? अगं, लोक काय म्हणतील! डॉक्टरच्या घरी कंपाउंडर येऊन सुई टोचून गेला म्हणतील."

"टोचू दे की. डॉक्टर अकरा वर्षं नुसती नाडीच बघतोय."

"त्याला लाकडाची उभी-आडवी रेघ कळत नाही. व्हिडिओ बघून काम करणारा माणूस तो. उद्या पोहायला शिकेल व्हिडिओ बघून."

"मग दाखवा ना," मिस्त्रीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की मिस्त्री सावध होत. "रात्रभर राहणारच आहोत त्यांच्या घरात. उद्या सकाळी निघायच्या आत मला फिरवा आणि काय काय चुकलंय ते बोट ठेवून दाखवा. पटलं तर मी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर सकाळच्या चहाला त्यांना विचारणार."

"किती चुका दाखवू?"

"तुम्हीच सांगा."

"दहा."

"दहा तर दहा."

मिस्त्रींना एकदम हलकं वाटलं. दहा तर उंबऱ्यापाशीच मिळतील, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि उरलेला रस्ता ते चक्क गुणगुणत गेले.

साडू फाटकापाशीच उभा होता. अंगावर कातडी एप्रन. एप्रनला नऊ खिसे, आणि नऊच्या नऊ खिशांत काहीतरी. मिस्त्रींनी चाळीस वर्षं एका कानामागची पेन्सिल आणि एक शर्टाचा खिसा एवढ्यावर काढली होती.

"या या, साडूबुवा! आज खरा परीक्षक आला," साडू म्हणाला आणि त्यानं मिस्त्रींना मिठी मारली. मिठीत कुठलंतरी हत्यार मिस्त्रींच्या बरगडीत घुसलं. त्यांनी तेही मनात नोंदवलं.

घर फिकट हिरवं होतं. समोर दोन माणसांनी एकमेकांची परवानगी घेऊन बसावं एवढा ओटा, आत शिरलं की डाव्या हाताला सोफा, त्याच्या पोटात सामानाची पेटी, भिंतीतून खाली उघडणारं टेबल, टोकाला चिमुकलं स्वयंपाकघर. वर माळ्यावर झोपायची गादी, आणि तिकडे जायला जिना. जिन्याच्या प्रत्येक पायरीत एक खण. बाजूला लाकडी कठडा. साडू-मेहुणीनं स्वतःसाठी शेजारीच तंबू ठोकला होता, कारण आजची रात्र घर पाहुण्यांचं होतं.

मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. इथे ओट्याखाली कपाट होतं. त्याला दारं होती. त्यांनी एक दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, दुकानात महागड्या साडीचा पोत बघावा तसं.

"कसं हो केलंत हे, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

मिस्त्री दारातच थबकले. त्यांना शब्दांचं काही वाटलं नाही, आवाजाचं वाटलं. लग्न नवीन होतं तेव्हा ही बाई दुपारचा डबा घेऊन कारखान्यात यायची, भुशात पाय खुपसून ओंडक्यावर बसायची, आणि याच आवाजात विचारायची, "कसं हो केलंत हे?" तेव्हा मिस्त्री रंधा थांबवून सगळं सांगायचे. सांगता सांगता डबा गार व्हायचा. तो आवाज पुढे कधी बंद झाला हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणजे हरवला नव्हता तर. होता, आणि आज तो विमा कचेरीला मिळाला होता.

"सोपं आहे हो, ताई. व्हिडिओ थांबवत थांबवत करायचं," साडू म्हणाला. "चुकलं की मागे न्यायचं."

"आमच्यात मागे नेता येत नाही," मिस्त्री म्हणाले. "एकदा कापलं की कापलं." कुणी ऐकलं नाही.

मग पाहुण्यांची वही निघाली. मिस्त्रीणबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. कुणी लिहिलं होतं, इतकी शांत झोप वर्षात लागली नव्हती. कुणी लिहिलं होतं, आमची मुलं घरी जायला तयार नाहीत. कुणी लिहिलं होतं, 'जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि कुणीतरी धरून चालवल्यासारखं वाटलं.'

"लाकूडच आहे ते," मिस्त्री म्हणाले.

"साडूबुवा, तुमचं मत सांगा. तज्ज्ञ म्हणून," साडूनं हात चोळले.

मिस्त्रींनी घरभर एक नजर फिरवली. "ठीक आहे," ते म्हणाले.

त्यांच्या धंद्यात 'ठीक आहे' हे ज्याला पुन्हा कधी कामावर बोलवायचं नाही त्याच्या कामाला म्हणत. पण साडूला धंद्याची भाषा कुठली माहीत? "ऐकलंस का?" तो बायकोला म्हणाला. "मिस्त्री ठीक आहे म्हणाले!" त्याचा चेहरा असा उजळला की मिस्त्रींना आपण त्याला भेटवस्तू दिल्यासारखं वाटलं आणि ती परत घेता येईना.

उन्हं उतरल्यावर दोघी बहिणी तळ्याला फेरी मारायला गेल्या. साडू शेकोटीसाठी लाकडं आणायला कॅम्पसाइटच्या कचेरीकडे गेला. कचेरी पाच मिनिटांवर होती, पण वाटेत अकरा तंबू होते आणि साडू प्रत्येक तंबूत डोकावणारा माणूस होता. मिस्त्रींनी अंदाज केला, दीड तास.

त्यांनी खिशातून वीतभर लांबीची, सपाटी बघायची लेव्हल काढली. मिस्त्री घरातून निघताना रुमाल विसरत, चष्मा विसरत, एकदा बायकोला विसरले होते. लेव्हल कधी विसरले नाहीत. सोफ्याखालच्या पेटीत साडूची हत्यारं उंचीप्रमाणे रांगेत निजवलेली होती. रंध्यावर किमतीचं चिकटपत्र अजून तसंच. तिथलाच एक फळीचा तुकडा त्यांनी घेतला, कानामागची पेन्सिल घेतली, आणि चुकांची यादी सुरू केली.

फळीवर यादी ही मिस्त्रींची जुनी रीत. काम संपलं की घरमालकाबरोबर खोल्या-खोल्यांतून फिरायचं, जे जे राहिलं असेल ते ते एका फळीवर लिहायचं, आणि मग एकेक दुरुस्त करून ओळ खोडायची. सगळ्या ओळी खोडल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी न खोडलेल्या ओळीची फळी मागे ठेवून एकही घर सोडलं नव्हतं. स्वतःच्या घरी घरमालक आणि मिस्त्री एकच असल्यानं फळी कधी लिहिलीच गेली नाही.

बारा मिनिटांत दहा चुका झाल्या. अर्ध्या तासात सतरा. दुसऱ्या पायरीचा खण मध्यावर अडत होता. मुख्य दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासत होतं. टेबल उघडलं की त्याचा पाय जमिनीला टेकत नव्हता, टेकल्यासारखं करत होता. मांडणी दोन सूत कलली होती. कपाटाच्या दाराचा स्क्रू हातानं फिरत होता. खिडकीला अडसर होता पण तो खिडकीला अडवत नव्हता. आणि सगळ्यात वर, लेव्हलमधला बुडबुडा काही केल्या मध्यावर येईना: अख्खं घरच डावीकडे झुकलं होतं. मिस्त्री एकेक ओळ लिहीत होते आणि एकेका ओळीगणिक तरुण होत होते.

शेवटी ते कठड्यापाशी आले. फळीवर लिहिलं, 'कठडा', आणि हात फिरवला. खालून वर, वरून खाली. डोळे मिटून फिरवला. मग वाकून प्रकाशात बघितला. वळणावर हमखास कुठेतरी चढ-उतार राहतो, नव्हता. टोक बोथट राहतं; नव्हतं. हात जिथे घट्ट धरू बघतो तिथेच तो थोडा जाड होता आणि जिथे सोडू बघतो तिथे बारीक. हा माणूस हे करूच शकत नव्हता. मिस्त्री तिथे पाच मिनिटं उभे राहिले. सतरा चुकांनी भरलेलं पोट त्या एका ओळीनं रिकामं केलं. 'कठडा'पुढे लिहायला त्यांना काही सापडलं नाही. जागा तशीच सोडून ते सोफ्यावर बसले.

खरं तर आता बसून राहायचं होतं. पुरावा जमला होता. पण समोर तो खण अर्धा उघडा होता. कुठे अडतो ते नुसतं बघावं म्हणून त्यांनी तो बाहेर काढला. डावी बाजू फुगली होती. रंध्याचं पातं बोथट होतं, म्हणून त्यांनी एक कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर ते परजलं, दोन हात मारले, ओट्यावरच्या मेणबत्तीचं मेण घासलं आणि खण परत घातला. तो पाण्यात बोट सोडावी तसा आत गेला. मिस्त्रींनी ओळ खोडली. ओळ खोडली हे त्यांना कळलंही नाही. हातांनी परस्पर केलं.

मग दार. स्क्रूच्या सैल झालेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या, थोडा डिंक, स्क्रू परत. खोडलं. मग टेबलाचा पाय. मग मांडणी. बाहेर कुठेतरी साडूचं हसणं ऐकू येत होतं, पाचव्या की सहाव्या तंबूतून. मिस्त्री पुटपुटत होते, "गाढवा, असं धरतात का पटाशी? इथून मारायची, इथून." शिव्या साडूला होत्या, पण आवाजात राग उरला नव्हता. बऱ्याच दिवसांनी कुणी मोकळ्या हवेत सोडल्यासारखे त्यांचे हात चालले होते.

"दाजी, चला जेवायला!" मेहुणीची हाक आली तेव्हा मिस्त्रींनी फळी मोजली. सतरापैकी बारा ओळी खोडलेल्या. उरल्या पाच. कबूल केल्या होत्या दहा.

भुसा त्यांनी गोळा करून खिशात भरला आणि शेकोटीपाशी जाऊन बसले. भाजलेले बटाटे होते. मिस्त्री एकेक बटाटा असा सोलत होते की जणू त्याच्याशी त्यांचं वैर होतं.

"वहीत सगळे त्या कठड्याचंच लिहितात," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "काय केलंय त्याला एवढं?"

"अगं ताई, तो माझ्यासाठी आहे," मेहुणी हसत म्हणाली. "माझा गुडघा माहितीये ना तुला. मी म्हटलं, त्या माळ्यावर मी काही चढायची नाही. तर यांनी रोज सकाळी मला उभं केलं, माझा हात धरून बघितला कुठे घट्ट धरते, कुठे सोडते, आणि तेवढंच घासलं. परत उभं केलं. महिनाभर! मी म्हटलं, अहो, कठडा करताय की माझं माप घेताय?"

"दुसरं काही नीट येत नाही मला," साडू लाजून म्हणाला. "म्हटलं, एवढं तरी."

मिस्त्रीणबाईंनी एक लाकूड जाळात पुढे सारलं. त्या जाळाकडेच बघत राहिल्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग हातातल्या बटाट्याकडे. साडूचा त्यांना इतका हेवा वाटला की सोललेला बटाटा त्यांनी परत ताटात ठेवला. त्याची हत्यारं नवी होती म्हणून नव्हे, वहीतल्या स्तुतीसाठीही नव्हे. त्याला रोज सकाळी कुणाचातरी हात धरून बघायचं सुचलं, म्हणून.

माळ्यावर झोपताना मिस्त्रींनी ठरवलं, उरलेल्या पाचांना हात लावायचा नाही. बायकोला म्हणू, दहा म्हटलं होतं, पाचच आहेत, पण पाच मोठ्या आहेत. मात्र घर डावीकडे झुकलेलं असल्यानं ते रात्रभर बायकोच्या अंगावर घसरत राहिले, आणि खिडकी दर वाऱ्याला टक् टक् करून त्यांना नावानिशी हाक मारत राहिली. अर्धवट फळी उशाशी ठेवून झोपायची त्यांना सवय नव्हती. उजाडलं, पक्षी बोलायला लागले, आणि मिस्त्री कठड्याला धरून हळूच खाली उतरले. कठड्याला धरावंच लागलं. त्यानं त्यांचाही हात नीट धरला, हे आणखी वाईट.

चार ओळी वीस मिनिटांत गेल्या. पाचवीसाठी ते घराखाली आडवे झाले आणि डावीकडच्या कोपऱ्याचा जॅक एकेक आटा फिरवत घर वर उचललं, आत झोपलेल्या बायकोसकट. बुडबुडा मध्यावर आला आणि थांबला. मिस्त्रींनी गवतावर पडल्या पडल्याच ओळ खोडली, खूप दिवसांत मिळालं नव्हतं असं समाधान त्यांना मिळालं, आणि ते हात धुवायला नळावर गेले. हात धुता धुता त्यांना आपण काय केलं ते कळलं.

"काय छान झोप लागली हो शेवटी शेवटी," मिस्त्रीणबाई खाली येत म्हणाल्या. "एकदम सरळ." साडू आणि मेहुणी चहाची किटली घेऊन आत आले होते. चौघं उभे राहिल्यावर घर भरलं. "चला मिस्त्री, फिरवा मला. दहा."

"दहा काय?" साडूनं विचारलं.

"यांना तुमच्या घरात दहा चुका दाखवायच्या आहेत."

साडूचा चेहरा पडला. किटली त्यानं खाली ठेवली आणि तो नको त्याच ठिकाणी, दुसऱ्या पायरीपाशी, जाऊन उभा राहिला, लहान मूल फुटकी पाटी पाठीमागे लपवतं तसा. मिस्त्रीणबाईंनी त्याला अलगद बाजूला केलं आणि खण ओढला. खण आला. ढकलला. गेला.

"किती सुरेख सरकतो हो, भाऊजी!"

साडूनं खणाकडे बघितलं. मग स्वतः ओढला, ढकलला, परत ओढला. "हो," तो म्हणाला. "म्हणजे... घासला होता मी मध्यंतरी."

मिस्त्रींच्या कानशिलात काहीतरी वाजलं.

"आणि दार? कालपेक्षा छान लागतंय."

"हवामान," साडू दबक्या आवाजात म्हणाला. "सकाळी लाकूड जरा... शहाणं होतं."

टेबल उघडलं, पाय जमिनीवर राजासारखा टेकला. खिडकी लावली, टक् नाही की टुक् नाही. साडू प्रत्येक वस्तूपाशी जास्त जास्त चकित होत होता आणि प्रत्येक वस्तूचं कौतुक थोडं जास्त ठाम आवाजात स्वीकारत होता. मिस्त्री कोपऱ्यात फळी पाठीशी धरून उभे होते. बोलावं, तर बायको म्हणणार, परक्याच्या घरात एका रात्रीत सतरा कामं आणि माझ्याकडे अकरा वर्षांत एक दार नाही? न बोलावं, तर रविवारी हा माणूस नऊ खिसे घेऊन घरी हजर. त्यांनी ठरवलं, गप्प राहायचं. दात आवळून गप्प राहायचं.

मिस्त्रीणबाईंनी ओट्याखालच्या कपाटाचं दार एका बोटानं ढकललं. ते मिटलं आणि त्यानं सुस्कारा टाकला.

"अगंबाई," त्या हलकेच म्हणाल्या. "हे कसं हो केलंत, भाऊजी?"

"त्याला एक युक्ती असते," साडूनं सुरुवात केली.

"मी केलं ते!" मिस्त्री ओरडले. "युक्ती कसली, कप्पाळ! स्क्रू फिरत होता त्याचा! सगळं मी केलंय! खण मी केला, दार मी केलं, घर सरळ मी केलं!" आणि त्यांनी फळी बायकोच्या हातात कोंबली.

मिस्त्रीणबाईंनी चष्मा लावला. सतरा ओळी, सतरा रेघा. त्यांनी सगळ्या वाचल्या, मोठ्यानं, वही वाचली होती तशाच. मग शेवटच्या, अठराव्या ओळीपाशी त्या थांबल्या.

"'कठडा.' पुढे काही नाही. खोडलेलंही नाही."

"त्यात काही नाही," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काही चुकलेलं नाही. मला नसता आला तसा."

साडू मटकन सोफ्यावर बसला. "साडूबुवा," तो म्हणाला, "त्या खणाशी मी तीन महिने झगडतोय हो. तुम्हाला फोन करायची लाज वाटायची. भाड्याचे पाहुणे यायच्या आधी मी तो बंद करून त्यावर 'वापरू नये' लिहून ठेवायचो."

"आणि आत्ता घासला म्हणालात ते?" मेहुणीनं विचारलं.

"ताई इतक्या प्रेमानं म्हणाल्या, मोडवेना मला."

मेहुणीला हसू आवरेना. मिस्त्री मात्र बायकोच्या तोंडाकडे बघत होते आणि स्फोटाची वाट पाहत होते. स्फोट झाला नाही. मिस्त्रीणबाई फळीकडे बघत होत्या, मग मिस्त्रींच्या खिशातून सांडलेल्या भुशाकडे, मग साडूच्या एप्रनकडे. एखाद्या बाईला वीस वर्षं न उघडलेल्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच जुडग्यात दिसावी, तसे त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी या आमच्याकडे. ओट्याखालचं कपाट करायचंय. लाकूड आहे."

"मी?" साडू उडालाच. "आता? यांच्यासमोर?"

"यांच्यासमोरच. तुम्हाला जमेल तसं करा. वाकडं झालं तर होऊ दे, अडलं तर अडू दे, अजिबात मनावर घेऊ नका. आणि रात्री मुक्कामाला राहा. लवकर झोपा."

"हे बघ," मिस्त्री म्हणाले, "मी त्याला हातसुद्धा लावणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"कोण लावा म्हणतंय? तुम्ही नुसते स्टुलावर बसून बघा."

साडूनं घाबरत घाबरत एप्रनच्या चौथ्या खिशातून डायरी काढली आणि सातव्यातून पेन. मिस्त्रीणबाई हातानं हवेत ओट्याची उंची दाखवत होत्या आणि तो लिहून घेत होता. मिस्त्री चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन, दोन माणसांच्या त्या ओट्यावर एकटे बसले. तळ्यावर ऊन आलं होतं. आत बायकोचा आवाज कपाटाबद्दल बोलत होता, आणि मिस्त्रींना स्पष्ट ऐकू येत होतं की साडू उंची चुकीची लिहितोय. ओट्याच्या वरपासून नाही घ्यायची, खालच्या कडेपासून. ते चहा प्यायले.

"दारं दोन," आतून साडू म्हणत होता. "उघडायची कुठल्या बाजूला? दोन्ही एकाच बाजूला उघडली तर बरं ना? सोपं पडेल."

मिस्त्रींनी कप घट्ट धरला. एक बदक तळ्यात बुडालं आणि वर आलं.

"आणि बिजागऱ्या? एका दाराला दोन पुरतील, नाही का ताई?"

मिस्त्रींनी तळ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, शेजारच्या तंबूकडे बघितलं. बदक परत बुडालं. ते वर यायच्या आत मिस्त्री उठून दारात जाऊन उभे होते.

"तीन," ते म्हणाले. "आणि ती डायरी इकडे आण बघू."